सुटकेनंतरचा मधला मुक्काम: कोलवाळहून बाहेर येणाऱ्या माणसासाठी खोली कशी जोडावी

जामीन सकाळी मंजूर होतो. मग जामीनदार, मुचलका (तारखांना हजर राहीन अशी लेखी हमी), शिक्के, आणि तो कागद गोव्यातल्या कोलवाळच्या तुरुंगापर्यंत पोचणं. एवढं होईपर्यंत बहुतेक वेळा दिवेलागण झालेली असते. हातात एक पिशवी घेऊन माणूस हमरस्त्याकडे चालू लागतो. म्हापशाची बस मिळाली तर मिळाली. त्या रात्री तो कुठे झोपतो यावर पुढचे सहा महिने बरेचसे ठरतात, हे मी आता ठामपणे सांगू शकतो.

मी डिचोलीचा. ओळखीतल्या एका घरासाठी पहिल्यांदा ही धावपळ केली, मग एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि लोक विचारायला येऊ लागले. घरचा माणूस पहिल्यांदाच सुटून येणार आहे आणि सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, अशांसाठी हे लिहितोय. अशा कामात पहिल्यांदा हात घालणाऱ्या कार्यकर्त्यांनाही ते उपयोगी पडावं.

मधला मुक्काम म्हणजे तुरुंग आणि घर यांच्यामधली राहण्याची जागा. चार आठवडे म्हणा, तीन महिने म्हणा. तिथे त्याला स्वतःची किल्ली असते, दोन वेळचं जेवण असतं आणि रोज विचारपूस करणारं एक माणूस असतं. आपल्याकडे ही जागा कुणी तयार ठेवून वाट बघत नाही. ती आपणच जोडायची.

आधी कच्चा की पक्का, ते बघा

पक्क्या कैद्याची, म्हणजे शिक्षा लागलेल्याची, सुटकेची तारीख शिक्षेतली सूट धरून बरीच आधी कळते. भेटीच्या वेळी त्यालाच विचारा, तुरुंगाच्या कचेरीतूनही खात्री करून घ्या. तारखेच्या दोन महिने आधी खोली शोधायला लागा. त्याला मध्ये पॅरोल किंवा फर्लो मिळाली असेल तर ते दिवस कसे गेले ते नीट आठवा. पंधरा दिवसांच्या रजेत घरात तीन भांडणं झाली असतील, तर सुटकेनंतर काय होणार हे वेगळं सांगायला नको.

कच्च्या कैद्याचं, म्हणजे खटला अजून चालू असलेल्याचं, तसं नाही. तो आज संध्याकाळीही सुटू शकतो. म्हणून खटला चालू असतानाच जागा हेरून ठेवायची. पहिल्यांदाच आत गेलेल्या आणि दुसरी केस नसलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली त्याच्या सुटकेचा विचार होतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यात येत नाहीत. ती तारीख वकिलाकडून काढून घ्या आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा.

जामीन होऊनही माणूस आतच राहतो, कारण जामीनदार मिळत नाही. हे फार घरांत होतं. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने यावर सूचना दिल्या. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाला ईमेलने जायला हवी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायला हवं. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर न्यायालय स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. ‘स्थानिकच जामीनदार हवा’ या हट्टामुळे सुटका लांबते, तेव्हा न्यायालयांनी तशी अट घालू नये, असंही त्यात म्हटलं आहे. आपल्या वकिलाला हे माहीत असेलच असं धरून बसू नका, विचारा. पैशांचीच अडचण असेल तर २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे. काही गंभीर कायद्यांखालचे गुन्हे सोडले तर कच्च्या कैद्याला जामिनासाठी आणि पक्क्याला दंड भरण्यासाठी मदत मिळू शकते. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची मर्यादा नाही. विधी सेवेचा नंबर १५१००.

सरळ घरी का नको?

कधी कधी सरळ घरीच न्यावं. आई एकटी आहे, वाट बघतेय, शेजार बरा आहे, तर खोलीचा खर्च कशाला? पण खालच्यापैकी एक जरी गोष्ट असेल तरी थांबा.

फिर्यादी किंवा साक्षीदार त्याच वाड्यावर राहतो. बायकोला त्याची भीती वाटते आणि ती कुणाला सांगत नाही. ज्या मित्रांमुळे तो अडकला ते अजून त्याच नाक्यावर बसतात. किंवा तो आत असताना भावांनी घराच्या वाटण्या केल्या आणि त्याची खोली आता पुतण्याची झाली आहे.

बायकोच्या भीतीबद्दल स्पष्ट लिहितो. गुन्हा घरातल्याच कुणावर झाला असेल, मारहाणीचा असो वा मुलाबाळांवरचा, तर तो त्या घरात जाणार नाही. यात तडजोड नाही. ‘झालं गेलं विसरा’ असं सांगणारे नातेवाईक रात्री आपापल्या घरी झोपतात, तिथे राहायचं असतं ते तिला. तिला आधी एकटीला भेटा, तिचं म्हणणं ऐका, मगच पत्ता ठरवा.

जामिनाच्या अटी हातात घेऊन शब्द न शब्द वाचा. ‘गोव्याबाहेर जाऊ नये’ अशी अट असेल तर दोडामार्गची मावशी बाद. डिचोलीहून ती कितीही जवळ असली तरी ते महाराष्ट्र झालं. ‘अमुक पोलीस ठाण्यात दर आठवड्याला हजेरी’ असेल तर खोली तिथून एका बसच्या अंतरावर हवी. आणि मुचलक्यावर जो पत्ता लिहिला आहे तिथेच तो राहायला हवा. जागा बदलली तर आधी वकिलामार्फत न्यायालयाला कळवा. नुसता पत्ता न कळवल्यामुळे समन्स परत गेलं आणि पुन्हा वॉरंट निघालं, असं मी जवळून पाहिलं आहे.

जागा कुठे बघायची

सगळ्यात बरी जागा म्हणजे दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाची बाजूची खोली, जिला स्वतःचं दार आहे. मामाचं घर पेडण्यात, काकांचं वाळपईत, असं काही निघतंच. पण फुकट राहू नये. थोडे का होईना पैसे द्यावेत, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात पाहुणचाराचं ओझं होतं.

दुसरी, भाड्याची खोली. इथे गोव्यात हंगामाचा हिशेब ठेवावा लागतो. कळंगुट-हणजूण पट्ट्यात ऑक्टोबर ते मे घरमालकाला पर्यटक हवा असतो, तुमचा तीन महिन्यांचा भाडेकरू नको असतो. पावसाळ्यात तिथे स्वस्तात मिळते, पण सप्टेंबर संपता संपता उठवतात. शिवाय दारू, पार्ट्या, जुन्या ओळखी सगळं त्याच पट्ट्यात. म्हापसा, डिचोली, साखळी, फोंडा इथे बाजारापासून थोडं आत बघा. बस मिळते, काम मिळतं आणि कुणी फार चौकश्या करत नाही.

मालकाला सांगायचं की लपवायचं? मी सांगतो. घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं गोव्यात बंधनकारक आहे, न दिल्यास दंड त्यालाच होतो. तेव्हा बातमी आज ना उद्या पोचणारच. ती पोलिसाकडून कळली तर खोली गेली, आपल्याकडून कळली तर निदान बोलणं होतं. एका मालकीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग एवढंच विचारलं, “बाबा, रात्रीचा किती वाजता येईल तो?” आम्ही नऊ म्हणालो. त्याने तीन महिने नऊ पाळले. अर्थात अशा चार जणींमागे सहा जण ‘नको’ म्हणतात, त्याची तयारी ठेवा. मालकाला सांगायचं, पण आख्ख्या वाड्याला सांगत सुटायची गरज नाही. करार लेखी आणि मालकाच्या सहीचा हवा. भाड्याची पावती दर महिन्याला घ्या, हे कागद पुढे पत्त्यासाठी लागतात.

तिसरी, संस्था. साठीच्या पुढच्या आणि मागे कुणी नसलेल्या माणसासाठी प्रोव्हेदोरियाचे वृद्धाश्रम आहेत. पोर्तुगीज काळापासून चालत आलेली ही सरकारी संस्था आहे. अर्ज करा, पाठपुरावा करा. अशा माणसाला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २००० रुपयेही मिळू शकतात, रहिवासाचा दाखला मात्र लागेल. बाई सुटून येत असेल आणि माहेर-सासर दोन्ही दारं बंद असतील, तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा आणि सखी केंद्र व शक्ती सदन या बायकांसाठीच्या सरकारी मदतीच्या आणि आसऱ्याच्या जागांबद्दल विचारा. तुरुंगातून सुटलेल्या निराधार बाईला आसरा देणं हे पूर्वीच्या स्वाधार गृह योजनेत नाव घेऊन लिहिलेलं होतं, ती योजना आता शक्ती सदनात आली आहे. ‘आम्ही अशांना घेत नाही’ असं कुणी म्हणालं तर हे सांगा. बायकांच्या बाबतीत घरचे लोक फार कठोर होतात. मुलगा सुटला की आई गेटवर असते. मुलीसाठी मी अजून गेटवर फक्त एक म्हातारे वडील पाहिले आहेत. म्हणून बाईसाठी जागा आणखी लवकर बघायला लागा.

मुलगा अल्पवयात मेरशीच्या अपना घरात, म्हणजे मुलांच्या सरकारी सुधारगृहात, गेला असेल आणि अठरा पूर्ण करून बाहेर येत असेल, तर बाल न्याय कायद्याखाली एकवीस वर्षांपर्यंत पश्चात देखभालीची तरतूद आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे मागणी लेखी द्या.

चर्चची माणसंही मदत करतात. प्रिझन मिनिस्ट्री इंडिया ही संघटना १९८१ पासून देशभर तुरुंगांत जाते. कैद्याचा धर्म विचारत नाही. आपण हिंदू म्हणून तिकडे विचारायला संकोचू नका.

गेटवरचा दिवस

एकच माणूस घ्यायला जाऊ दे. चार गाड्या, हार, पेढे नकोत. सोबत एक जोड कपडे, त्याच्या मापाच्या चपला, पाण्याची बाटली आणि सुट्या नोटा न्या. आत जमा केलेलं सामान, मजुरीचे पैसे, चालू औषधं आणि सुटकेचा कागद घेतल्याशिवाय हलू नका. त्या कागदाचे दोन झेरॉक्स म्हापशात पोचताच काढा.

दूरचा असेल तर रात्रीचा प्रवास टाळा. थिवी स्टेशन जवळच आहे, कुडाळ-कणकवलीकडच्यांनी तिथून सकाळची गाडी धरावी.

जाताना गप्पा कमी मारा. २०१६ ला आत गेलेला पेडण्याचा माणूस आज बाहेर आला तर त्याला स्वतःचा तालुका ओळखू येत नाही. रुंद झालेला हमरस्ता, मोपाचा विमानतळ, पणजीला मांडवीवर तिसरा पूल. आमच्यातला एकजण खिडकीतून बघत होता आणि मध्येच म्हणाला, “धारगळ गेलं?” गेलं होतं, त्याला कळलंच नव्हतं. बाजारातही तसंच. भाजीवाली मोबाइलवरून पैसे द्यायच्या क्यूआर कोडचा कागद पुढे करते आणि हा पाचशेची नोट धरून उभा. पहिले आठ दिवस त्याच्यासोबत बाजारात जा, पण पैसे त्यालाच देऊ द्या.

पहिल्या रात्री साधी पेज, लोणचं, एखादा तळलेला बांगडा पुरे. बरेच जण दिवा लावून झोपतात, लावू द्या. आमच्याकडे राहिलेल्या एकाने दुसऱ्या दिवशी पहाटे चादरीची चौकोनी घडी केली, वर ताट-वाटी ठेवली आणि भिंतीला पाठ लावून बसून राहिला. मी चहा घेऊन गेलो तर झटकन उठून उभा राहिला. तुरुंगातल्या गणतीची वेळ होती ती. मी चहा खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो. काही बोललो नाही. दोनेक आठवड्यांनी त्याची घडी जरा वाकडी होऊ लागली.

कागदांचा क्रम चुकवू नका

इथे लोक सगळ्यात जास्त फेऱ्या मारतात. तीन महिने रिचार्ज नसलं की मोबाइल नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला जातो. आधार त्या जुन्या नंबराला जोडलेलं, म्हणून ओटीपी येत नाही, म्हणून बँकेचं काम अडतं. तेव्हा आधी नवं सिम, अंगठा लावून. मग आधार केंद्रावर स्वतः जाऊन नवा नंबर जोडणं, त्याला वेगळा पुरावा लागत नाही. मग बँक. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं, पण पैसे कुठे जात नाहीत, केवायसी करून ते चालू करता येतं. त्यानंतर रेशन कार्डावरचं नाव आणि मतदार यादी. शिक्षा भोगून आलेल्याला मतदान करता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

मामलेदार कचेरीत रहिवासाच्या दाखल्यासाठी गेलात तर शाळेचा दाखला आणि घरपट्टीची जुनी पावती घेऊन जा. एका कचेरीत आम्हाला तीनदा परत पाठवलं, तिन्ही वेळा वेगळा कागद सांगून. चौथ्यांदा मी कारकुनाला यादी लिहून द्यायची विनंती केली. काम त्या दिवशी झालं. काय लागतं ते पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

आणि पहिल्या दोन महिन्यांत त्याला मालमत्तेच्या कुठल्याही कागदावर सही करू देऊ नका. घरच्यांनी आणलेला असला तरी. गोव्याच्या वारसा कायद्यात आईवडिलांच्या मालमत्तेतला अर्धा भाग वारसांसाठी राखीव असतो, मृत्युपत्र करूनही तो सहज काढून घेता येत नाही. तुरुंगात गेल्याने हक्क आपोआप बुडत नाही. इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत वाटणीची, केस चालू असेल तर त्यात त्याचं नाव आहे का ते बघा. घर मुंडकारीतलं, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर राहत आलेल्याचं, असेल तर मामलेदाराकडची नोंद तपासा, १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला संरक्षण आहे. गोड बोलून ‘इथे एक सही कर’ म्हणणारा भाऊ नवीन खोलीवरही येऊन पोचतो. विधी सेवेच्या वकिलाला दाखवतो, एवढंच उत्तर त्याला शिकवून ठेवा.

तब्येत

गर्दाच्या किंवा गोळ्यांच्या नादात आत गेलेला माणूस असेल तर पहिले पंधरा दिवस डोळ्यात तेल घालून सांभाळा. आत असताना शरीराची सवय सुटलेली असते. बाहेर येऊन तो जुन्याच मापाने घेतो आणि त्यात जीव जातो. हे त्याला भेटीतच, सुटकेआधी, घाबरवून नव्हे तर समजावून सांगा. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत उपचार मिळतात. रात्री-अपरात्री मन सैरभैर झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, मराठीतही बोलतात. क्षयाची औषधं चालू असतील तर एक दिवसही खंड नको, सुटल्यावर लगेच जवळच्या आरोग्य केंद्रात नाव वर्ग करून घ्या.

खोलीवरचे नियम आणि काम

नियम थोडे ठेवा. आमचे तीन आहेत: रात्री ठरलेल्या वेळेला घरी, खोलीवर दारू नाही, आणि कोर्टाची व पोलीस ठाण्याची तारीख चुकणार नाही. तारखांचा कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. झाडू कधी मारायचा, नमाज की आरती, कुणाशी फोनवर बोलायचं यात पडू नका. खोलीचा तुरुंग करायचा नाही.

रोज एकाने जायचं, पण तपासणीला गेल्यासारखं नाही. मी सकाळी पोदेर (पाववाला) येऊन गेल्यावर जातो. चार पाव, चहा, पंधरा मिनिटं.

कामाची घाई करू नका, पण तिसऱ्या आठवड्याच्या पुढे रिकामंही ठेवू नका. जूनमध्ये सुटला तर ट्रॉलरचं काम नाही, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हॉटेलंही तेव्हा माणसं कमी करतात. त्या दिवसांत गॅरेज, सुतारकाम, गिरणी, शेतीची कामं बघा. मार्च ते मे काजूच्या बागांत माणूस हवाच असतो. कुंडई किंवा पिसुर्लेच्या औद्योगिक वसाहतीत चारित्र्याचा दाखला मागतात, तिथे अर्ज करून निराश होण्यापेक्षा ओळखीच्या छोट्या मालकाकडे सुरुवात बरी. आत त्याने बेकरी, शिवण, सुतारकी काही शिकलेलं असेल तर त्याचा कागद जपून ठेवा. पहिल्या पगारातून भाड्याचा काही भाग त्यानेच द्यावा, दोनशे रुपये का असेना.

घरी कधी न्यायचं

घरचे म्हणतात, चतुर्थीला येऊ दे. मी नेहमी नको म्हणतो. चतुर्थीला मूळ घरी मुंबई-पुण्याचे सगळे जमलेले असतात. माटोळीखाली (गणपतीवर बांधलेल्या फळा-पानांच्या सजावटीखाली) बसलेले पंचवीस जण एकदम गप्प होतात आणि तो पाटावर बसल्या बसल्या उठून जातो. पहिली भेट साध्या दिवशी ठेवा. मंगळवार, दुपारचं जेवण, घरात दोन-तीन माणसं. जेवून तो परत खोलीवर येईल, हे आधीच ठरलेलं असू दे. पुढच्या आठवड्यात एक रात्र मुक्काम. मग दोन. घरात ज्याला किंवा जिला सगळ्यात जास्त सोसावं लागलं, तिने ‘आता राहा’ म्हटल्याशिवाय सामान हलवू नका.

सामान हलवलं तरी खोली एक महिना सोडू नका. भाडं भरा आणि किल्ली त्याच्याकडेच राहू द्या. घरी एखाद्या रात्री आवाज चढलाच, तर त्याला नाक्यावर जाऊन बसायची वेळ येत नाही. खोलीत एक चटई आणि पाण्याची कळशी तेवढी ठेवून या.